सुरी हातात देण्याआधी: सर्जरीच्या रेसिडेंटना नीतिशास्त्र शिकवायला पहिल्यांदाच उभे राहणाऱ्यांसाठी

असिस्टंट प्रोफेसर म्हणून रुजू झालात की काही दिवसांतच विभागप्रमुखांचा निरोप येतो: पुढच्या गुरुवारी रेसिडेंटचं, म्हणजे सर्जरी शिकत असलेल्या डॉक्टरांचं, एथिक्सचं सत्र तुम्ही घ्या. ऑपरेशन शिकवायची सवय असते, कारण आपण स्वतः टेबलाशी उभं राहूनच शिकलेले असतो. नीतिशास्त्र कसं शिकवायचं हे मात्र आपल्याला कुणी दाखवलेलं नसतं. मग जुन्या स्लाइड शोधल्या जातात, चार तत्त्वं (रुग्णाची स्वायत्तता, त्याचं हित, अपाय न करणं, न्याय) फळ्यावर येतात, रात्रभर कॅज्युअल्टी करून आलेला मुलगा मागच्या बाकावर झोपतो आणि तास संपतो.

माझी पहिली सत्रं अशीच गेली. कोल्हापुरात इतकी वर्षं रेसिडेंटबरोबर काढल्यावर जे उपयोगी पडलं ते इथं क्रमानं लिहितो आहे. तत्त्वांची नावं मुलांना येतात. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचा ‘ॲटकॉम’ हा भाग आला आहे, त्यामुळे ‘स्वायत्तता’ म्हणजे काय हे विचारलं तर ‘रुग्णाचा स्वतःबद्दल ठरवायचा हक्क’ असं उत्तर मिळतं. रात्री नऊ वाजता, उद्याच्या ऑपरेशनच्या लिस्टमधल्या आज्जीच्या खाटेपाशी संमतीपत्र घेऊन उभं राहिल्यावर त्या शब्दाचं काय करायचं, तिथं मुलं अडतात. शिकवायचं तेवढंच आहे.

सुरुवात केसच्या भुकेपासून

पहिल्या सत्रात कायदा नको, तत्त्वं नकोत. प्रत्येकाला कोरा कागद द्या आणि नाव न लिहिता एवढंच लिहायला सांगा: गेल्या महिन्यात तुला मनापासून हवी असलेली केस कुठली होती, आणि त्या रुग्णाला तू काय सांगितलंस? कागद गोळा करा, मिसळा आणि मोठ्यानं वाचा.

सर्जरीच्या रेसिडेंटला केस हवी असते. ‘सर, या महिन्यात मला एकही हर्निया मिळाला नाही’ हे वाक्य तुम्ही दर आठवड्याला ऐकाल. यात पाप काही नाही. हात चालवल्याशिवाय सर्जन तयार होत नाही आणि आज जो शिकणार नाही तो उद्या गडहिंग्लजला किंवा चंदगडला एकटा पडल्यावर रुग्णाला वाचवू शकणार नाही. पण रुग्णाला बरं व्हायचं असतं आणि आपल्याला शिकायचंही असतं. या दोन गोष्टी एकाच टेबलावर येतात तेव्हा त्यांतली दुसरी कुणी बोलून दाखवत नाही. न बोललेली ही भूक मग संमतीच्या वाक्यांत शिरते, ऑपरेशन करायचं की वाट पाहायची या निर्णयात शिरते, ‘थोडं अजून करून बघतो’ या टेबलावरच्या हट्टात शिरते. ती आधी नावानं टेबलावर ठेवा. माझ्या मते सर्जरीतलं सगळं नीतिशिक्षण इथून सुरू होतं.

त्या सत्रात मी माझीही गोष्ट सांगतो. दुसऱ्या वर्षाला होतो. राधानगरी तालुक्यातल्या एक आज्जी हर्नियासाठी दाखल झाल्या होत्या आणि तो हर्निया मला मिळणार होता. अंगठा घेताना त्यांनी विचारलं, ‘तूच करणार व्हय रं बाळा? तुला येतंय न्हवं?’ मी म्हणालो, ‘मोठे सर आहेत आज्जी, काळजी करू नका.’ त्या समाधानानं हसल्या आणि म्हणाल्या, ‘मग मी कशाला भितो.’ सर थिएटरात होते, पण शेजारच्या टेबलावर. ऑपरेशन ठीक झालं, आज्जी चौथ्या दिवशी घरी गेल्या. माझ्या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता आणि तरी मी त्यांना फसवलं होतं. हे मला कुणी सांगितलं नाही, कारण आजूबाजूला सगळे तसंच बोलत होते. तुमच्याकडेही अशी एखादी गोष्ट असेलच. ती सांगा. शिक्षकानं आपलं आधी सांगितल्याशिवाय त्या कागदांवर खरं काही उतरत नाही.

जोड बघून कुस्ती

दुसऱ्या सत्रात मी तालमीकडे वळतो, कारण कोल्हापुरात हे समजावायला त्याहून सोपं काही नाही. वस्ताद पोराला पहिल्याच वर्षी खासबागच्या मैदानात उतरवत नाही. आधी जोर-बैठका, मग तालमीतल्या तालमीत लढत, मग गावच्या जत्रेतली छोटी कुस्ती, आणि तीही जोड बघून. केस देतानाही हेच करायचं: रेसिडेंटनं किती पाहिल्या, किती असिस्ट केल्या, किती टप्पे स्वतः केले हे लॉगबुकात बघून पुढचा टप्पा द्यायचा. पूर्ण ऑपरेशन एकदम हातात देण्याऐवजी ते तुकड्यांत द्या: आज फक्त पोर्ट (दुर्बीण आत नेण्याची नळी) घालणं, पुढच्या वेळी फक्त हर्नियाची पिशवी मोकळी करणं.

यावर एखादा हुशार रेसिडेंट म्हणेल, ‘सर, कुस्तीत समोरचा पैलवानही स्वतःहून उतरलेला असतो.’ म्हणू दे, त्यानं नेमकी जागा पकडली आहे. आपल्या टेबलावरचा माणूस आपल्या तालमीसाठी आलेला नसतो. म्हणून जे त्याच्या अंगावर शिकण्याची गरज नाही ते आधी दुसरीकडे शिकायचं. सुश्रुतसंहितेत छेद घ्यायचा सराव कोहळा, दुधी, कलिंगड यांवर करायला सांगितलं आहे, तो याचसाठी. आज टाके आणि गाठी फोमवर, दुर्बिणीची हालचाल ट्रेनर बॉक्सवर शिकता येते. बॉक्सवर गाठ न बसलेल्याला रुग्णाच्या पोटात गाठ मारायला देणं हा शिक्षकाचा नैतिक दोष आहे, रेसिडेंटचा नव्हे. हे सत्र म्हणूनच तुमच्याही वागणुकीचं आहे. मुलं तुमच्याकडं बघत असतात.

याच सत्रात गरीब रुग्णांचा विषय काढा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन होणारा माणूस पैसे देत नाही, म्हणून शिकण्याचा भार त्याच्यावर पडावा अशी एक समजूत वॉर्डात नकळत तयार होते. ‘फुकटात होतंय, करून घ्या’ हे वाक्य संमती घेताना ऐकलं तर तिथंच थांबवा. योजनेचे पैसे सरकार भरतं, पण ‘नको’ म्हणायचा हक्क रुग्णाचाच असतो. शाहू महाराजांनी १९१९ मध्ये संस्थानातल्या दवाखान्यांत अस्पृश्य मानल्या गेलेल्या रुग्णांना समतेनं वागवण्याचे हुकूम काढले होते. त्याच गावात आपण शिकवतो आहोत, हे मी मुलांना दरवर्षी सांगतो.

संमतीपत्र: खाटेपाशी शिकवायचं सत्र

यासाठी वर्गात बसू नका. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी वॉर्डात जा. रेसिडेंटला संमती घेऊ द्या, तुम्ही दोन खाटा सोडून उभे राहा, मध्ये बोलू नका. तो निघून गेला की अर्ध्या तासानं रुग्णापाशी एकटे जा आणि तीन प्रश्न विचारा: कशाचं ऑपरेशन आहे? कोण करणार आहे? नाही केलं तर काय होईल? उत्तरं जशीच्या तशी, रुग्णाच्या शब्दांत लिहून घ्या आणि दुसऱ्या दिवशी रेसिडेंटला वाचून दाखवा. पहिल्या वेळी बहुतेकांना धक्का बसतो. ‘पोटाचं काहीतरी हाय’, ‘मोठे डॉक्टर करणार’, ‘सही केली, आता काय विचारायचं’ असली उत्तरं येतात. सही मिळाली म्हणजे संमती मिळाली असं नाही, हे सांगत बसण्यापेक्षा ही तीन उत्तरं वाचून दाखवणं शंभर पट परिणाम करतं.

मग बोलायची वाक्यं द्या. नीतीच्या गप्पांत रेसिडेंटची अडचण बहुतेक वेळा शब्दांची असते, म्हणून मी हे पाठ करून घेतो:

‘आज्जी, ऑपरेशन मी करणार आहे आणि आमचे सर सगळा वेळ माझ्यासमोर टेबलाशी असतील. कुठं अडलं तर ते हातात घेतील. मी शिकणारा डॉक्टर आहे. तुम्हाला हे नको असेल तर मोकळेपणानं सांगा, तुमच्या उपचारात काही कमी पडणार नाही.’

यातलं प्रत्येक वाक्य खरं असलंच पाहिजे. सर टेबलाशी असतील असं सांगितलं तर सर टेबलाशी असलेच पाहिजेत, म्हणजे ओटीची (ऑपरेशन थिएटरची) लिस्ट तुम्हाला तशी लावावी लागेल. ‘तुम्ही हे याआधी किती केलीत?’ असं विचारलं तर खरा आकडा सांगायचा.

आता कायदा आणा. सुप्रीम कोर्टाचा जानेवारी २००८ चा निकाल मी गोष्टीसारखा सांगतो. ४४ वर्षांची अविवाहित बाई, फक्त निदानासाठी दुर्बीण घालायची संमती दिलेली. ती भुलेत असताना डॉक्टरांनी बाहेर येऊन तिच्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय व बीजकोश काढले. कोर्टानं म्हटलं की सज्ञान रुग्ण तात्पुरता बेशुद्ध आहे आणि जिवाला तातडीचा धोका नाही, तर नातेवाइकाची संमती चालत नाही. रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबायचं. इथं मुलांना विचारा: तुमच्या टेबलावर ॲपेंडिक्ससाठी पोट उघडलं आणि बीजकोशावर गाठ दिसली, तर काय? मग दुसरा प्रश्न: ही शक्यता आदल्या संध्याकाळीच बोलून ठेवता आली असती का? चर्चा दुसऱ्या प्रश्नावर पोचली की सत्र जमलं समजा.

जुना एक खटला याला जोडून घ्या, तो आपल्याच मुलखातला आहे. १९५३ च्या मे महिन्यात कोकणात पालशेतच्या किनाऱ्यावर वीस वर्षांच्या तरुणाची मांडी मोडली. त्याला पुण्याला आणलं. तिथं पुरेशी भूल न देता जोर लावून हाड ओढलं गेलं आणि त्याच रात्री तो गेला. वडील सुप्रीम कोर्टापर्यंत लढले. १९६८ च्या निकालात कोर्टानं डॉक्टरची तीन कर्तव्यं सांगितली: केस घ्यायची की नाही हे ठरवताना काळजी, कोणता उपचार द्यायचा हे ठरवताना काळजी, आणि तो देताना काळजी. आपण शिकवतो ते बहुतेक तिसरं. पहिलं कर्तव्य, म्हणजे ‘ही केस मी घ्यावी का?’ हा प्रश्न, केसच्या भुकेला थेट भिडतो. त्यावर वेळ द्या.

सीमाभागातून, निपाणी-चिकोडीकडून येणाऱ्या अनेकांना मराठी समजतं पण आजाराचं बोलणं कन्नडमध्येच नीट कळतं. अशा वेळी दुभाषी म्हणून जावई किंवा दीर उभा करू नका. तो आपल्याला हवं ते गाळतो. कन्नड येणाऱ्या सिस्टर किंवा वॉर्डातले मामा बोलवा.

तातडीच्या केसला वेगळा प्रसंग घ्या. थंडीत गुऱ्हाळं सुरू झाली की चरकात हात सापडलेला माणूस येतो. हात वाचण्यासारखा नाही. माणूस शुद्धीवर आहे, कळवळतो आहे. भाऊ म्हणतो, ‘हात कापायचा नाही.’ कुणाचं ऐकायचं? मुलं लगेच भावाकडे वळतात, कारण भाऊ उभा आहे आणि मोठ्यानं बोलतो आहे. त्यांना रुग्णाकडे वळवा. आधी वेदना कमी करा, मग त्याच्याशी बोला. आणि रुग्ण बोलूच शकत नसेल, जीव जात असेल, तर कागदासाठी थांबायचं नाही. आधी जीव वाचवायचा, सोपस्कार नंतर, हे सुप्रीम कोर्टानं १९८९ मध्येच सांगून ठेवलं आहे.

‘आईला सांगू नका’

हे सत्र सगळ्यात अवघड आणि माझ्यासाठी सगळ्यात जवळचं. बायोप्सीचा रिपोर्ट आला, कॅन्सर आहे. पुण्याहून आलेला मुलगा वॉर्डाच्या दारात गाठतो: ‘डॉक्टर, आईला काही बोलू नका, तिला सोसणार नाही.’ पुस्तक म्हणतं, रुग्णाला सांगा. आपलं घर म्हणतं, मुलाला सांगा. मुलगा वाईट नसतो. तो आईवरच्या मायेनं बोलत असतो, आणि रेसिडेंटच्याही घरी असंच झालेलं असतं.

यातून वाट काढायची तर प्रश्न रिपोर्ट येण्याआधी विचारायचा. तपासणीला तुकडा पाठवतानाच रुग्णाला विचारा: ‘मावशी, रिपोर्ट आला की तुम्हाला सगळं सांगू, की घरात कुणाला सांगू?’ काही जणी म्हणतात, ‘मला सांगा.’ काही म्हणतात, ‘थोरल्याला सांगा, मी काय जाणतो त्यातलं.’ दोन्ही उत्तरं त्यांचीच आहेत, आणि दुसरं उत्तरही स्वायत्तताच आहे. उत्तर केस पेपरवर लिहून ठेवा. मग मुलगा दारात आला तर रेसिडेंट म्हणू शकतो, ‘दादा, आईंनी स्वतः विचारलंय, त्यांना सांगायला हवं. तुम्ही शेजारी बसा, आपण मिळून सांगू.’

हे वाक्य नुसतं सांगून येत नाही, खेळून यावं लागतं. एका रेसिडेंटला मुलगा करा, एकाला आई, एकाला डॉक्टर. मुलगा झालेल्याला हट्ट धरायला सांगा. दहा मिनिटांत खोली शांत होते. एकदा ‘आई’ झालेली मुलगी बोलता बोलता रडायला लागली. तिच्या आजीच्या बाबतीत घरच्यांनी शेवटपर्यंत लपवलं होतं. त्या दिवशी पुढं काही शिकवू नका. चहा मागवा.

चूक झाली तर

इथं स्लाइड बंद ठेवा. पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनात मुख्य पित्तनलिकेला इजा झाली. आता नातेवाइकांना काय सांगायचं? मुलांची पहिली उत्तरं अशी असतात: ‘कॉम्प्लिकेशन म्हणून सांगायचं’, ‘सर सांगतील’, ‘चिकटलेलं होतं म्हणायचं’. थोडा वेळ ऐका. मग विचारा, उद्या हे तुमच्या वडिलांना झालं तर तुम्हाला कुठली वाक्यं हवीत? मी शिकवतो तो क्रम असा: त्याच दिवशी, सीनियरसोबत, बसून, काय झालं ते साध्या शब्दांत, आता आम्ही काय करतो आहोत, आणि वाईट वाटलं हे मोकळेपणानं. कारण अजून कळलं नसेल तर अंदाज सांगू नये. एकट्या रेसिडेंटला नातेवाइकांसमोर कधीच ढकलू नका. चुकीची जबाबदारी युनिटची असते आणि तिथं पुढं उभं राहणं हे तुमचं काम आहे.

केस पेपरला हात लावायचा नाही हेही इथंच सांगा. चूक लिहिली गेली असेल तर एक रेघ मारून, तारीख-वेळ आणि सही करून दुरुस्त करायची. खाडाखोड नको, मागच्या तारखेनं लिहिणं तर नकोच. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णानं मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यावे लागतात. रेसिडेंटला ही मुदत माहीत असते, पण ते कागद रुग्णाच्याच शरीराची हकीकत आहेत हे ध्यानात आलेलं नसतं.

चूक होण्याआधी बोलण्याचं धाडस कसं द्यायचं? जागतिक आरोग्य संघटनेची २००८ ची ऑपरेशनच्या वेळी मोठ्यानं वाचून तपासायची १९ मुद्द्यांची सुरक्षा यादी इथं कामाला येते. दिल्लीसह आठ शहरांत तिचा अभ्यास झाला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात शस्त्रक्रियेनंतरचं मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. यादी वाचायचं काम तुमच्या ओटीत सगळ्यात ज्युनियर माणसाला द्या. ‘सर, एक मिनिट, डावी-उजवी बाजू परत बघूया’ हे म्हणायची जीभ त्यातून तयार होते. तो म्हणाला की थांबा, बाजू बघा, आणि सगळ्यांसमोर ‘बरं केलंस’ म्हणा.

थोडक्यात आटपण्यासारखे विषय

ओटीतले फोटो वैयक्तिक मोबाइलवर नकोत, ग्रुपवर तर मुळीच नकोत. ओळख पटेल असा फोटो परवानगीशिवाय प्रसिद्ध करायचा नाही हे २००२ च्या नियमांत आहे. भुलेत असलेल्या रुग्णाची शिकण्यासाठी योनीमार्गाची किंवा गुदद्वाराची तपासणी करायची असेल तर आदल्या दिवशी वेगळी संमती घ्या, नसेल तर करायची नाही. यात चर्चा नको, नियम सांगा. एचआयव्ही असलेल्या रुग्णाला उपचार नाकारायला २०१७ च्या कायद्यानं मनाई आहे, आणि फाइलवर लाल अक्षरात लिहून वॉर्डभर जाहीर करणं क्रूर आहे. थिसिससाठी रुग्ण घेताना उपचाराची आणि संशोधनाची संमती वेगवेगळ्या कागदांवर, वेगवेगळ्या वेळी घ्या. कट, म्हणजे रुग्ण पाठवल्याबद्दलचं कमिशन, देणं-घेणं हा विषय मुलं स्वतः काढतात, कारण बाहेर पडल्यावर ते समोर येणारच असतं. त्यांना आधी बोलू द्या आणि मग स्वच्छ सांगा की तो पैसा रुग्णाच्या खिशातून येतो.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीपाशी हायवे बंद होता, शहरात येणं-जाणं तुटलं होतं. त्यावर एक कल्पित प्रसंग बेतून मी अर्धा तास ठेवतो: जनरेटरवर एकच थिएटर चालू, तीन रुग्ण, रक्ताच्या मोजक्या पिशव्या. आधी कोण? उत्तर एकच नसतं. कोणत्या कारणानं ठरवलं हे प्रत्येकानं मोठ्यानं सांगायचं, एवढीच अट.

परीक्षा कशी घ्यायची

लेखी प्रश्नांनी यात काही कळत नाही. महिन्यातून एकदा प्रत्येक रेसिडेंटची एक संमती दहा मिनिटं बघा, आणि नंतर रुग्णाला तेच तीन प्रश्न. तीन महिन्यांतून एकदा पानभर लिखाण: असा एक प्रसंग, जिथं मला हवं ते आणि रुग्णाला हवं ते वेगळं होतं. गुण देऊ नका, शेरा द्या.

आणि रुग्ण ‘नको’ म्हणाला तर? हा प्रसंग येतोच, आणि तो आला की रेसिडेंट कसा वागतो ते बारकाईनं बघा. ‘मला शिकणाऱ्या पोराकडून नको’ असं कुणी म्हणालं तर रेसिडेंटनं तोंड पाडायचं नाही, समजावत बसायचं नाही. ‘बरं काका, सर करतील’ एवढं म्हणायचं, केस पेपरवर तशी नोंद करायची, लिस्टमधलं नाव बदलून घ्यायचं. ऑपरेशनला असिस्ट करायला मात्र जायचं. संध्याकाळी परत खाटेपाशी जायचं, दुखतंय का विचारायचं, ड्रेसिंग बघायचं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या राउंडलाही त्यानंच जायचं.